आत्याच्या कर्करोगाच्या उपचारांचा खर्च : आधी कोणत्या योजनेचे दार ठोठवावे?

प्रश्न : जिंतूरकर

सप्रेम नमस्कार.

माझी आत्या परभणी जिल्ह्यातील एका खेड्यात राहते. तिचे वय ४६ वर्षे आहे. गेल्या महिन्यात तिच्या डाव्या स्तनातील गाठीचा तुकडा काढून तपासला, तेव्हा कर्करोगाचे निदान झाले. अहवालात ‘हर-टू पॉझिटिव्ह’ असे लिहिले असून, केमोथेरपी आणि शस्त्रक्रियेबरोबरच एक विशेष इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी सुमारे वर्षभर घ्यावे लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले आहे.

घरची परिस्थिती सांगतो. काका सालगडी आहेत, स्वतःची जमीन नाही. आतेभाऊ वाळूजला एका कारखान्यात कंत्राटदाराकडे कामाला आहे आणि त्याला १६ हजार रुपये पगार मिळतो. शिधापत्रिका केशरी आहे. आजवरच्या सोनोग्राफी, बायोप्सी आणि इतर तपासण्यांतच सव्वीस हजार रुपये गेले, त्यांपैकी निम्मे मालकाकडून उचल म्हणून घेतलेले आहेत.

आम्ही तिला छत्रपती संभाजीनगर येथील एका खासगी रुग्णालयात नेले. तेथे योजनेचा फलक लावलेला होता, परंतु ‘योजनेच्या खाटा सध्या भरलेल्या आहेत, तातडीने सुरू करायचे असेल तर पन्नास हजार अनामत भरा, कागदपत्रे झाली की पैसे परत मिळतील’ असे आम्हांला तोंडी सांगण्यात आले. आम्ही अजून काहीही भरलेले नाही, मात्र आतेभावाने कर्जाची बोलणी सुरू केली आहेत.

दुसरी अडचण नावाची आहे. आत्याचे लग्नात नाव बदलले. शिधापत्रिकेवर सासरचे नाव आहे आणि आधार कार्डावर माहेरचे. त्यामुळे आयुष्मान कार्ड काढताना तिची माहिती जुळत नाही.

आम्ही नेमके कोणत्या क्रमाने जावे? अनामत भरून उपचार सुरू करणे योग्य ठरेल का? मुख्यमंत्री निधी, पंतप्रधान निधी, धर्मादाय रुग्णालय, टाटा अशी अनेक नावे लोक सुचवतात, पण कोणते आमच्यासाठी आहे हे कळत नाही.

उत्तर १ : निवृत्त समाजसेवा अधीक्षक

जिंतूरकर, अनामत भरू नका. हे मी पहिल्याच वाक्यात लिहितो, कारण रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात काम करताना जी कुटुंबे मदतीला पात्र असूनही रिकाम्या हाताने परतताना पाहिली, त्यांतील बहुतेकांनी आधी पैसे भरले होते आणि नंतर योजना शोधली होती. आपल्याकडील जवळपास प्रत्येक योजना रुग्णालयाला पैसे देते, रुग्णाला नाही. त्यामुळे एकदा पावती फाटली की तो खर्च योजनेच्या दृष्टीने ‘झालेला’ असतो आणि झालेल्या खर्चाची भरपाई क्वचितच होते. ‘नंतर परत मिळतील’ हे वाक्य ज्यांनी उच्चारले, त्यांना तेच लेखी द्यायला सांगा. बहुधा देणार नाहीत.

आता आपल्या प्रश्नाचा गाभा. आपल्यासाठी मुख्य आधार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आहे. ही योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिचे नाव बदलले आणि आता ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेबरोबर एकत्र चालवली जाते. पूर्वी कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचे संरक्षण होते. कर्करोगात ते शस्त्रक्रिया आणि थोड्याफार केमोतच संपत असे. २०२३ च्या शासन निर्णयाने ती मर्यादा पाच लाखांवर नेली आणि पिवळ्या-केशरीबरोबर पांढऱ्या शिधापत्रिकेच्या कुटुंबांनाही आत घेतले. म्हणजे केशरी कार्डामुळे आपण पात्र आहातच. कर्करोगाची शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केमोथेरपी हे तिन्ही त्यात येतात.

मात्र योजनेचे पैसे एकगठ्ठा मिळत नाहीत, हे समजून घ्या. प्रत्येक उपचाराचे एक ठरलेले पॅकेज असते. रुग्णालय त्यासाठी ऑनलाइन पूर्वमंजुरी मागते, त्यासोबत बायोप्सीचा अहवाल आणि तपासण्या जोडते, आणि मंजुरी आल्यावर उपचार होतो. केमोच्या प्रत्येक फेरीसाठी ही मंजुरी नव्याने लागते. म्हणून पहिल्या भेटीतच आरोग्यमित्राला (योजनेच्या प्रत्येक रुग्णालयात त्याचे टेबल असते) दोन प्रश्न विचारा. डॉक्टरांनी लिहिलेली औषधे कोणत्या पॅकेजमध्ये बसतात, आणि ते वर्षभराचे इंजेक्शन पॅकेजच्या यादीत नावानिशी आहे का? उत्तर कागदावर घ्या. ते इंजेक्शन बाहेर राहिले तर आपल्याला खरी झुंज त्यासाठीच द्यावी लागेल, म्हणून इतर निधींचे दरवाजे त्यासाठी राखून ठेवणे शहाणपणाचे आहे. मंजूर झालेल्या पॅकेजसाठी रुग्णालयाने वेगळे पैसे मागितले, तर १५५३८८ या क्रमांकावर तक्रार करता येते आणि जिल्हा समन्वयकालाही भेटता येते. फोन करताना रुग्णालयाचे नाव, तारीख आणि कोण काय म्हणाले हे लिहून ठेवलेले असावे.

नावाच्या तफावतीबद्दल. माझे मत असे की आधारला हात लावू नका. बँकेचे खाते, गॅसजोडणी, सारे आधारशी जोडलेले असते आणि तेथे पूर्ण नाव बदलायला विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील प्रसिद्धी लागते; तुमच्या आत्याच्या पिढीत विवाह नोंदणी किती जणींची झालेली असते? त्यापेक्षा तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत अर्ज करून शिधापत्रिकेवर आधारप्रमाणे नाव लावून घ्या. सोबत दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र, ग्रामपंचायतीचा दाखला आणि बायोप्सीचा अहवाल जोडा. अहवाल जोडण्याचे कारण असे की गंभीर आजाराचा कागद पाहून पुरवठा निरीक्षक अर्ज गठ्ठ्यातून वर काढतात, असा माझा अनुभव आहे. लोक अहवाल लपवतात आणि मग महिनाभर फेऱ्या मारतात. शिधापत्रिकेचा बारा अंकी ऑनलाइन क्रमांक आहे ना, हेही तेथेच पाहून घ्या. दुरुस्ती झाल्यावर आयुष्मान कार्डाची पडताळणी पुन्हा करा. या सर्व कामाला कोणी ‘एजंट’ पैसे मागत असेल तर त्याला वाटेला लावा. कार्ड मोफत आहे.

त्याच फेरीत तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखलाही काढून ठेवा. आज त्याची गरज दिसत नसली, तरी पुढचे प्रत्येक दार त्या एका कागदावर उघडते.

उत्तर २ : परळच्या फुटपाथवरून

आईच्या आजारपणात मी पावणेदोन वर्षे मुंबईत काढली, म्हणून लिहितो. माझा सल्ला असा की एकदा तरी परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात दाखवावे. १९४१ पासून हे रुग्णालय कर्करोगाचेच काम करते आणि १९६२ पासून केंद्राच्या अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे. तेथे नोंदणी करताना सामान्य वर्ग आणि खासगी वर्ग असा भेद असतो. रांगा पाहून घाबरून किंवा ‘लवकर नंबर लागेल’ म्हणून कोणी खासगी वर्गाची फाइल काढायला सांगितले तरी काढू नका. डॉक्टर तेच असतात, दर वेगळे असतात आणि सवलती सामान्य वर्गालाच मिळतात. आम्ही पहिल्या दिवशी ही चूक करणार होतो. रांगेतल्या एका बाईंनी हात धरून थांबवले.

फाइल झाली की थेट वैद्यकीय समाजसेवा विभागात जावे. तेथील कार्यकर्ते घरची परिस्थिती विचारतात, कागद पाहतात आणि कोणती योजना, कोणता न्यास, कोणता निधी बसतो ते स्वतः जुळवून देतात. महात्मा फुले योजना तेथेही चालते. दारिद्र्यरेषेखालील रुग्णांसाठी केंद्र सरकारचा आरोग्यमंत्री कर्करोग रुग्ण निधी २००९ पासून आहे, तो देशातल्या प्रादेशिक कर्करोग केंद्रांतूनच मिळतो, आणि टाटा त्यांपैकी एक आहे. विदर्भातील वाचकांसाठी सांगतो, नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालयही त्या यादीत आहे. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीचा अर्जही असतो, त्यातून खर्चाचा काही भाग थेट रुग्णालयाच्या खात्यात जमा होतो.

राहण्याचा प्रश्न उपचारांहून बिकट. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती येथे बाहेरगावच्या रुग्णांची नाममात्र दरात सोय होते, पण जागा मिळेपर्यंत थांबावे लागते. आमच्या पहिल्या अकरा रात्री रुग्णालयासमोरच्या पदपथावर गेल्या. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला शयनयान आणि थ्री-टायर एसीत पूर्ण, तर सोबतच्या माणसाला ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातील दाखला लागतो, तो पहिल्याच भेटीत मागून घ्यावा.

उत्तर ३ : निवृत्त समाजसेवा अधीक्षक

वरील माहिती मोलाची आहे, पण मी थोडे वेगळे म्हणेन. जिंतूरकरांच्या आत्याला वर्षभर दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन घ्यायचे आहे. परभणीहून मुंबईच्या सतरा-अठरा फेऱ्या, प्रत्येक फेरीला दोन माणसे, काकांचा बुडालेला रोज आणि मालकाची नाराजी, हा खर्च कोणतीही योजना देत नाही; आणि उपचार मध्येच सुटण्याचे सर्वांत मोठे कारण मी हेच पाहिले आहे. छत्रपती संभाजीनगरलाच शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, ते राज्य कर्करोग संस्था म्हणून विकसित झाले आहे, तेथे शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केमो एकाच आवारात होतात आणि ही योजनाही आहे. परभणीहून सकाळी निघून रात्री परतता येते. टाटामध्ये एकदा मत घ्यायचे तर जरूर घ्या, उपचारांचा आराखडा लिहून आणा आणि तो संभाजीनगरच्या डॉक्टरांना दाखवा. फलक लावलेल्या खासगी रुग्णालयापेक्षा हा रस्ता मला खात्रीचा वाटतो.

उत्तर ४ : पगारपत्रक

प्रश्नात एक ओळ सगळ्यांच्या नजरेतून सुटलेली दिसते. आतेभाऊ वाळूजला १६ हजारांवर कामाला आहे. मी कारखान्यांची पगारपत्रके तयार करण्याचे काम करतो. दरमहा २१ हजारांपर्यंत वेतन असलेला कामगार, मग तो कंत्राटदाराकडे का असेना, राज्य कामगार विमा योजनेत येतो. कामगाराकडून वेतनाच्या ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के वर्गणी जाते. तुमच्या भावाच्या पगारातून महिन्याला १२० रुपयांच्या आसपास ‘ई.एस.आय.’ म्हणून कापले जात असतील, तर त्याच्यावर अवलंबून असलेले आईवडीलही या योजनेत मोडतात. अट अशी की आईवडिलांचे स्वतःचे उत्पन्न महिन्याला ९ हजारांच्या आत असावे.

याचे महत्त्व असे की या विम्यात उपचारांच्या खर्चाला पाच लाखांसारखी कमाल मर्यादा नाही. वाट थोडी वळणाची आहे. आधी कामगार विम्याचा दवाखाना, तेथून कामगार विमा रुग्णालय आणि तेथे सोय नसेल तर करार असलेल्या मोठ्या रुग्णालयाकडे पत्र. परस्पर रुग्णालय गाठले तर बिल घरच्यांच्या गळ्यात पडते. कुटुंबीयांच्या अतिविशेष उपचारांसाठी कामगाराची नोकरी आणि वर्गणीचे दिवस यांची किमान अट असते, ती शाखा कार्यालयात तपासून घ्यावी. कंत्राटदार बरेचदा नोंदणीच्या वेळी कुटुंबाची माहिती भरतच नाहीत, केवळ कामगाराचे नाव टाकून मोकळे होतात. ‘ई-पहचान’ कार्डावर आईचे नाव नसेल तर ते आधी जोडून घ्यावे.

आणि कृपया कर्जाची बोलणी थांबवा.

उत्तर ५ : धर्मादायचा कारकून

धर्मादाय रुग्णालयांबद्दल लिहितो, कारण त्यांच्याविषयी ऐकीव माहिती फार आणि नेमकी फार थोडी असते. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम ४१ अअ आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेली योजना यांनुसार, त्या कक्षेत येणाऱ्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या असतात. त्यासाठी रुग्णालयाला आपल्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीच्या वेगळ्या खात्यात जमा करावी लागते. उत्पन्नाच्या मर्यादा अलीकडे वाढल्या असून निर्धनांसाठी वर्षाला १ लाख ८० हजार आणि दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार रुपये अशा आहेत.

येथे उत्पन्न कुटुंबाचे धरले जाते. आतेभावाचे १६ हजार म्हणजे वर्षाचे १ लाख ९२ हजार. तो शिधापत्रिकेवर एकत्र असेल तर आत्या निर्धन गटातून निसटून दुर्बल गटात जाईल आणि औषधे, इम्प्लांट यांचा निदान निम्मा खर्च घरच्यांवर येईल. त्याची पत्रिका खरोखर वेगळी असेल तर गोष्ट निराळी. केवळ दाखल्यासाठी खोटे विभाजन दाखवू नका. पडताळणीत ते उघडे पडले तर सारेच हातचे जाते.

मुख्यमंत्री सहाय्यता निधीचेही असेच आहे. त्यासाठी तहसीलदारांचा १ लाख ६० हजारांच्या आतील उत्पन्नाचा दाखला, खर्चाचे अंदाजपत्रक (खासगी रुग्णालयाचे असेल तर ते जिल्हा शल्यचिकित्सकांकडून प्रमाणित केलेले), वैद्यकीय अहवाल, आधार आणि शिधापत्रिका एवढे कागद लागतात. अर्जाला शुल्क नाही, आणि त्यासाठी आता मंत्रालयात जावे लागत नाही, जिल्हाधिकारी कार्यालयांतही कक्ष उघडले आहेत. परंतु इतर शासकीय योजनेत जो उपचार बसतो, त्यासाठी हा निधी मिळत नाही. म्हणून अधीक्षकांनी वर सुचवल्याप्रमाणे, पॅकेजबाहेरच्या औषधासाठीच तो विचारात घ्यावा, तोही उत्पन्नाच्या आकड्यात बसलात तर.

एक छोटी भर. कर्करोगाच्या रुग्णांचा समावेश संजय गांधी निराधार अनुदान योजनेतही आहे. महिन्याला १,५०० रुपये मिळतात. मात्र कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१ हजार रुपये ठेवलेली आहे. एखादे शेतमजूर कुटुंब २१ हजारांत वर्ष कसे काढेल, हा प्रश्न नियम करणाऱ्यांना पडला नसावा.

पोटप्रश्न : सासवडहून

याच धाग्यात विचारतो. वडील ७२ वर्षांचे आहेत, प्रोस्टेटचा कर्करोग आहे. आमच्याकडे शिधापत्रिकाच नाही. काही मार्ग आहे का?

उत्तर ६ : निवृत्त समाजसेवा अधीक्षक

आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते आणि पाच लाखांचे संरक्षण त्यात आहे. वयाचा आणि ओळखीचा पुरावा आधारवरूनच धरला जातो. आधारवरील जन्मतारीख एकदा तपासून घ्या, आमच्या पिढीच्या बहुतेकांची १ जून असते.

जिंतूरकर

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. तीन दिवसांत जे झाले ते लिहितो, कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

भावाच्या पगारातून दरमहा १२० रुपये खरोखरच कापले जात आहेत, दोन वर्षांपासून. तो कसला पैसा जातो हे त्याने कधी विचारले नव्हते. कार्डावर फक्त त्याचे आणि वहिनीचे नाव आहे. कंत्राटदाराच्या मुनिमाने आईवडिलांची नावे टाकण्याचा अर्ज भरून दिला आहे. कर्जाचे बोलणे थांबवले.

तहसीलमध्ये पुरवठा शाखेत अर्ज दिला. बायोप्सीचा अहवाल जोडल्यामुळे साहेबांनी समोरच शेरा मारला आणि चार दिवसांनी बोलावले आहे. शिधापत्रिका सर्वांची एकत्रच आहे, त्यामुळे उत्पन्नाचा दाखला खरा तोच काढला. धर्मादायच्या निर्धन गटात आम्ही बसत नाही, हे आता स्पष्ट झाले.

काल आत्याला शासकीय कर्करोग रुग्णालयात दाखवले. आरोग्यमित्राने कागद पाहिले, नाव दुरुस्त होताच पूर्वमंजुरीला पाठवतो म्हणाला. इंजेक्शनचे विचारले, तर डॉक्टरांशी बोलून पॅकेजचा क्रमांक लिहून देणार आहे.

एकच अडचण शिल्लक आहे. डॉक्टरांनी बायोप्सीचे ‘ब्लॉक’ आणि काचपट्ट्या मागितल्या आहेत, आणि खासगी प्रयोगशाळा म्हणते की आम्ही फक्त अहवाल देतो, ब्लॉक देत नाही. पुन्हा तुकडा काढावा लागेल का?

उत्तर ७ : निवृत्त समाजसेवा अधीक्षक

पुन्हा तुकडा काढायची गरज नाही. ब्लॉक म्हणजे आत्याच्याच गाठीचा मेणात बसवलेला तुकडा. पुढील उपचारांसाठी दुसऱ्या रुग्णालयाने मागितल्यावर प्रयोगशाळा तो देतात. काउंटरवरच्या मुलाला विचारू नका, पॅथॉलॉजिस्टना भेटा. शासकीय रुग्णालयाच्या डॉक्टरांकडून त्यांच्या चिठ्ठीवर ‘ब्लॉक व स्लाइड पुनर्तपासणीसाठी द्याव्यात’ अशी एक ओळ आणि शिक्का घ्या, सोबत आत्याच्या सहीचा अर्ज आणि मूळ पावती न्या. ब्लॉक घेताना त्यावरचा क्रमांक अहवालावरील क्रमांकाशी जुळतो का, ते तेथेच पाहा, आणि उन्हात ठेवू नका, मेण वितळते. रुग्णालयाचे काम झाले की तो परत मागून घरी जपून ठेवा.